काकूंचं नाव यादीत सापडेना!



आमच्या मंडळाची सभासद-यादी देवनागरीत छापायचं काम गेल्या वर्षी मी हौसेने अंगावर घेतलं. पायथॉनमध्ये एक ओळ लिहून आडनावं क्रमाने लावली आणि यादी छापायला दिली. आठवड्याभरात एका काकूंचा फोन. "अरे, आमची वर्गणी पोचली नाही का? यादीत नावच नाही आमचं!" त्यांचं आडनाव 'क्ष'ने सुरू होतं. शाळेत शिकल्याप्रमाणे त्यांनी 'ह'च्या पुढे शोधलं. नाव होतं, पण 'क'च्या शेवटी.

चूक माझीच. पायथॉन अक्षरं लावतो ती युनिकोडमधल्या क्रमांकांनुसार. त्याच्या लेखी 'क्ष' हे एक अक्षर नाहीच. क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तीन तुकडे. 'ळ'चा क्रमांक 'ल'नंतर लगेच, 'व'च्या आधी. म्हणून काळे आधी, कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर, म्हणजे कावळे आधी हवेत.

यावर उपाय म्हणजे 'पायआयसीयू' ही छोटी ओपन सोर्स लायब्ररी. पिपने इन्स्टॉल करायला गेलो तर एरर: पीकेजी-कॉन्फिग बसवा, नाहीतर आयसीयूची आवृत्ती सांगा. कारण साधं आहे. ही लायब्ररी नुसता पूल. खरं काम सी प्लस प्लसमधली मोठी आयसीयू करते, आणि ती मशीनवर आधी असावी लागते. उबुंटूवर लिबआयसीयू-डेव्ह, पीकेजी-कॉन्फिग, जी प्लस प्लस आणि पायथॉन३-डेव्ह ही चार पॅकेजेस टाका, मग पिप कुरकुर करत नाही. मॅकवर होमब्रूने आयसीयू घेतलीत तर तिचा पाथ पीकेजी-कॉन्फिगला स्वतः सांगावा लागतो. अजून एक गोम: इम्पोर्ट करताना नाव नुसतं 'आयसीयू'.

पुढे दोनच ओळी. मराठी लोकॅलचा, म्हणजे 'एमआर'चा, कोलेटर बनवायचा आणि त्याची सॉर्ट-की सॉर्टला द्यायची. कावळे-काळे जागेवर, काकू 'ह'च्या पुढे!

आयसीयू मूळची आयबीएमची, २०१६पासून युनिकोड कन्सॉर्शियमकडे. तिच्यात मराठीचा क्रम स्वतंत्र नोंदवलाय, हे मला इतकी वर्षं कोड लिहूनही माहीत नव्हतं.

तुमच्या मंडळाची यादी छापायच्या आधी 'क्ष' आणि 'ळ'वाली नावं एकदा डोळ्यांनी तपासा. इन्स्टॉल करताना अडलात तर जरूर लिहा.