होल्स्टरला अस्तर हवे की नको?

अमेरिकेत १९५५ साली ‘गनस्मोक’ ही टीव्ही मालिका सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या दृश्यात मार्शल मॅट डिलनसमोर भर रस्त्यात उभा राहून गोळी खाणारा माणूस म्हणजे आर्व्हो ओयाला. पडद्यावर हरणारा हा गृहस्थ प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हर झटकन उपसण्यात इतका तरबेज होता, की हॉलिवूडचे नट ती कला शिकायला त्याच्याकडे जात. १९५८ साली त्याने स्वतःच्या होल्स्टरचे, म्हणजे शस्त्र ठेवायच्या चामडी म्यानाचे, पेटंट मिळवले. त्यात चामड्याच्या दोन थरांमध्ये पातळ धातूचा पत्रा होता. पत्र्यामुळे होल्स्टर कधी चिमटत नसे आणि शस्त्र आत असतानाच त्याचे गोळ्यांचे चक्र फिरू शकत असे. पत्रा झाकायचा तर आतून अस्तर लावणे भागच होते. त्याच्या ७०-८० वर्षे आधीच्या खऱ्याखुऱ्या काउबॉयच्या कमरेला मात्र बहुतेक वेळा जाड चामड्याचे एकेरी, बिनअस्तराचे होल्स्टर असे.

अस्तर लावलेले होल्स्टर भारीतले, बिनअस्तराचे साधे, ही समजूत आजही पक्की आहे. अस्तर गुळगुळीत असते, त्यामुळे पिस्तुलावरचा निळसर-काळा मुलामा टिकतो, असे कारण दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर चामड्याच्या आत डोकवावे लागते.

जनावराच्या कातड्याला दोन बाजू असतात. केसांकडच्या बाजूला कोलॅजेनचे तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात. मांसाकडच्या बाजूला ते जाड, सैल आणि लवदार असतात. एकेरी होल्स्टरमध्ये गुळगुळीत बाजू सहसा दर्शनी म्हणून बाहेर ठेवतात, म्हणजे शस्त्राला लवदार बाजू लागते. अस्तर लावताना दुसरे, पातळ चामडे घेऊन दोन्ही लवदार बाजू एकमेकींना चिकटवतात आणि कडेने शिवतात. मग आत-बाहेर दोन्हीकडे गुळगुळीत पृष्ठभाग येतो.

आता मुलाम्याकडे पाहू. हा रंग नव्हे. पोलादाच्याच पृष्ठभागावर तयार केलेला तो मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचा, जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा थर असतो. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह्स मापावर मॅग्नेटाइट साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येते. कोलॅजेनचा तंतू त्यापुढे फारच मऊ. तो या थराला ओरखडा काढू शकत नाही. काढते ती धूळ. साध्या वाळूतल्या क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे. लवदार तंतूंमध्ये असा एक कण रुतून बसला, की प्रत्येक वेळी शस्त्र आत-बाहेर होताना तो तीच जागा घासतो. म्हणून मुलामा सगळीकडे सारखा जात नाही. नळीच्या तोंडाची कड, चक्राच्या कडा, पुढची माशी अशा दाब पडणाऱ्या उंचवट्यांवर आधी पांढरे पोलाद उघडे पडते. गुळगुळीत अस्तरात धूळ रुतायला जागा कमी आणि ती फडक्याने पुसून काढता येते. अस्तराच्या बाजूने बोलायचा हा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो मला मान्य आहे.

पण अस्तर म्हणून स्वेड, म्हणजे मखमलीसारखे लवदार चामडे लावलेले असेल, तर हा मुद्दा उलटतो. हाताला ते इतके मुलायम लागते की शस्त्राची काळजी घेणारे हेच, असे वाटते. प्रत्यक्षात त्याची लव धूळही धरते आणि ओलही. शिवाय स्वेड बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्या प्रक्रियेतले थोडे क्षार चामड्यात राहून जातात. क्षार हवेतले पाणी ओढतात आणि पोलादाला गंज चढवतात. स्वेडचे अस्तर कितीही देखणे असो, घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

होल्स्टरसाठी योग्य चामडे म्हणजे वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच कुळातले. टॅनिनचे रेणू कोलॅजेनला मुख्यतः हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. हे बंध पाण्याने सैल होतात, आणि होल्स्टर बनवणाऱ्याची सगळी करामत याच गुणावर उभी आहे. शिवलेले होल्स्टर तो कोमट पाण्यात बुडवून काढतो, त्यात पिस्तुलाची प्लास्टिकची प्रतिकृती घालतो आणि हाडाच्या बोथट पट्टीने चामडे दाबत जातो. ट्रिगरची कमान, स्लाइडची धार, नळीचा उतार एकेक करून चामड्यावर उमटू लागतात. तंतू नव्या जागी सरकतात. पाणी उडाले की बंध पुन्हा जुळतात आणि तोच आकार कायम होतो. क्रोमने कमावलेले चामडे असा आकार धरत नाही, कारण क्रोमियमची कोलॅजेनशी पडलेली गाठ पाण्याने सुटत नाही.

याच चामड्याची दुसरी बाजूही आहे. ते किंचित आम्लधर्मी असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पोलाद गंजण्याचा वेग एकदम वाढतो. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात ती ८० च्या वर असते. अशा हवेत चामडे पाणी शोषते आणि आत ठेवलेले पोलाद ओल्या, आम्ल वेष्टनात गुंडाळल्यासारखे राहते. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. कलमकारीतला काळा रंग हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोहाचे पाणी फिरवून मिळतो, तीच ही रासायनिक क्रिया. काडतुसांच्या पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात, तीही चामड्यातल्या आम्लांमुळे आणि तेला-मेणामुळे. या बाबतीत अस्तर असणे-नसणे सारखेच. अस्तराखालचा गोंदाचा थर अंगाचा घाम आत झिरपायला अटकाव करतो हे खरे, पण पावसाचे पाणी तोंडातून आत गेले तर तोच थर ते लवकर सुकूही देत नाही.

ताठपणाचा प्रश्न मला या सगळ्यात अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुलाम्याचा नाही, जिवाचा आहे. कोणत्याही पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दीड-दीड मिलिमीटरचे दोन थर एकजीव चिकटलेले असतील, तर ते ३ मिलिमीटरच्या सलग थरासारखे वागतात. प्लायवूडची ताकद याच तत्त्वावर असते. हेच दोन थर एकमेकांवरून सरकू लागले, की ताठपणा चौथ्या हिश्शावर येतो. चामड्याची जाडी तेवढीच, शिवण शाबूत, पण होल्स्टर लुळे पडलेले! घाम, उष्णता आणि रोजची वाकवाक यांनी गोंद हळूहळू सुटतो. मग अस्तराला घडी पडते. ती घडी तोंडाशी किंवा ट्रिगरजवळ पडली आणि पिस्तूल आत सरकवताना ट्रिगरच्या कमानीत शिरली, तर बोट न लावताही गोळी सुटू शकते. एकेरी चामडेही वर्षानुवर्षांच्या वापराने तोंडाशी मऊ पडून असेच वळते, पण ते डोळ्यांना दिसते. अस्तराचा गोंद आतून सुटलेला लवकर लक्षात येत नाही.

म्हणूनच एकेरी होल्स्टर निवडताना जाडीत कंजूषी करू नये. अमेरिकी कारागीर चामडे औंसांत मोजतात. एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. कमरेच्या होल्स्टरला आठ-नऊ औंसांचे, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटरचे चामडे चांगले.

अस्तराशिवाय गुळगुळीत बाजू शस्त्राला लावायची एक युक्ती अमेरिकेतच निघाली, आणि मला ती या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. ब्रूस नेल्सन यांनी रचलेले आणि आयडाहोमधल्या मिल्ट स्पार्क्स यांच्या कारखान्याने प्रसिद्ध केलेले ‘समर स्पेशल’ हे पँटच्या आत घालायचे होल्स्टर चक्क उलटे शिवलेले असते. गुळगुळीत बाजू आत पिस्तुलाकडे, लवदार बाजू बाहेर. लव कपड्याला धरून ठेवते, त्यामुळे होल्स्टर जागचे हलत नाही. एकाच थरात दोन्ही कामे होतात आणि सुटायला गोंदच नाही.

माझा कौल असा. रोज कमरेला बाळगायचे, घामाशी आणि पावसाशी गाठ असलेले होल्स्टर एकेरी, जाड आणि टॅनिनने कमावलेले घ्यावे. गुळगुळीत बाजू आत मिळाली तर उत्तमच. जुने, चकचकीत मुलाम्याचे रिव्हॉल्व्हर अधूनमधून, कोरड्या हवेत बाळगायचे असेल, तर गुळगुळीत चामड्याचे अस्तर जरूर लावावे, मात्र कारागीर पारखून.

आपल्याकडच्या परवानाधारकांना आणि निवृत्त अधिकाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. शस्त्र घरी ठेवताना रिकामे करा, होल्स्टरमधून बाहेर काढा, तेलाचे फडके फिरवा आणि कुलपात ठेवा. होल्स्टर वेगळे, वारा लागेल अशा जागी टांगा. महिन्यातून एकदा रिकाम्या होल्स्टरमध्ये बोटे घालून अस्तर अंगठ्याने दाबून बघा. ते थराथरांत सरकताना जाणवले, तर त्या दिवसापासून ते होल्स्टर वापरू नका.