शस्त्रक्रियेपूर्वींचे प्रश्न

सकाळीं रुग्णालयांत जावें, शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि दिवेलागणीस आपल्या घरीं परत यावें, असे उपचार आज मोतीबिंदु, अंतर्गळ इत्यादि किती तरी विकारांवर होतात. ही रीत अगदींच नवी नाहीं. ग्लासगो येथील मुलांच्या रुग्णालयाच्या दवाखान्यांत अशा ८,९८८ शस्त्रक्रिया केल्याचें जेम्स निकोल ह्या शस्त्रवैद्यानें इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केलें. तीं बालकें त्याच दिवशीं आईबरोबर घरीं जात व परिचारिका घरीं येऊन त्यांस पाहत.

ज्या रोग्यास रात्रीं रुग्णालयांत राहावयाचें नाहीं, त्याच्या उशाशीं परिचारिका नसते. म्हणून रात्रीं उद्भवूं शकणाऱ्या अडचणींची चौकशी आधींच करावी लागते. ह्या चौकशीचे तीन भाग आहेत.

पहिला भाग शरीराचा. हृदयविकार, दमा, मधुमेह, रक्तदाब आहे काय? जिना चढतांना धाप लागते काय? पूर्वीं भूल घेतली असतां त्रास झाला काय? रक्ताच्या नात्यांतील कोणास झाला काय? हा शेवटचा प्रश्न पुष्कळांस विचित्र वाटतो. परंतु भुलेच्या कांहीं औषधांपासून अपाय होण्याची प्रवृत्ति कुळांत उतरते. केवळ वय पाहून कोणास नाकारीत नाहींत. मधुमेह आटोक्यांत असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया करितां येते. तो लपविला, तर मात्र संकट ओढवतें. चालू असलेल्या गोळ्या व काढे सर्व सांगावेत. त्यांतील कोणतें औषध थांबवावें व कोणतें त्या सकाळींहि घ्यावें, हें वैद्यानेंच ठरवावयाचें असतें.

दुसरा भाग घराचा. रोग्यास नेण्यास जाणतें माणूस येईल काय? पहिले चोवीस तास त्याच्याजवळ कोणी राहील काय? रात्रीं रक्तस्राव झाल्यास वाहन मिळेल काय? प्रकृति उत्तम असूनहि घरीं कोणी नसेल, तर रोग्यास रुग्णालयांतच ठेवणें इष्ट.

तिसरा भाग उपवासाचा. सामान्यतः भुलेपूर्वीं सहा तास अन्न व दूध वर्ज्य असतें. शुद्ध पाणी दोन तास आधींपर्यंत चालतें. मधुमेह्यास किंवा तान्ह्या मुलास वेगळी सूचना मिळते, ती पाळावी. भुलेंत घशाची स्वाभाविक राखण सैल पडते. पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत शिरल्यास प्राणावर बेततें. आपल्याकडील दुधाचा चहा हा पाण्यांत न धरितां अन्नांतच धरावा. "कांहीं खाल्लें काय?" असें विचारल्यावर आजोबा "नाहीं" म्हणतात, कारण चहास ते खाणें समजत नाहींत. दुसरा एखादा शस्त्रक्रिया लांबेल ह्या भयानें जाणूनबुजून गप्प बसतो. दोघांसहि धोका सारखाच.

विद्यार्थिमित्रहो, ज्या घरांत वडील माणसांस वाचतां येत नाहीं, तेथें रुग्णालयाचा कागद तुमच्याच हातीं येतो. तो भरतांना घाई करूं नका. प्रश्न आजीस तिच्या बोलींत समजावून सांगा, गोळ्यांच्या पुड्या बरोबर न्या, आणि सकाळीं ती चहा प्याली असेल तर तसें निःसंकोच कळवा. फार तर शस्त्रक्रिया कांहीं तास वा एक दिवस लांबेल. सत्य बोलावें, असें आम्ही नित्य वर्गांत सांगतों. ह्या प्रसंगीं त्यावर आपल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.