मनकवडे पत्ते

तारकर्लीच्या एखाद्या शाळेत स्नेहसंमेलन भरले आहे, अशी कल्पना करा. बाहेर सुरूच्या बनातून समुद्राचा वारा वाहत आहे आणि मंचावर जादूगार उभा आहे. तो पत्त्यांचा जोड प्रेक्षकांच्या हाती देतो. तिघे-चौघे तो आळीपाळीने कापतात. मग ओळीने बसलेले पाच जण वरून एकेक पान घेऊन छातीशी धरतात. जादूगार म्हणतो, "तांबडे पान ज्यांच्याजवळ आहे त्यांच्या मनातील चित्र मला स्पष्ट दिसते. त्यांनी उभे राहावे." काही जण उभे राहतात, आणि जादूगार पाचही पाने बिनचूक सांगतो!

हा गृहस्थ खरोखर मनकवडा असतो काय? मुळीच नाही. आपले गुपित आपणच उभे राहून त्याला सांगितलेले असते.

अमेरिकेतील चार्ल्स जॉर्डन या कल्पक जादूगाराने 1919 च्या सुमारास या जातीचा खेळ रचला. त्यातील मर्म असे : 32 पाने अशा क्रमाने लावायची, की लागोपाठच्या कोणत्याही पाच पानांतील तांबड्या-काळ्या रंगांची मांडणी दुसऱ्या कोठेही पुन्हा येऊ नये. पाने कापल्याने हा क्रम मोडत नाही. जपमाळ कोठूनही धरली तरी मण्यांचा क्रम तोच राहतो, तसेच हे आहे. अशा माळा 2048 प्रकारांनी गुंफता येतात, हे द ब्रॉइन या डच गणितज्ञाच्या 1946 मधील सूत्रावरून कळते. पुढे पर्सी डायकॉनिस आणि रॉन ग्रॅहम या गणितज्ञांनी आपल्या ग्रंथात या खेळाची उकल केली. डायकॉनिस तर चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर हिंडलेले!

परंतु मुलांनो, अशीच एक माळ व्याकरणाच्या तासाला तुम्ही पाठ करता : यमाताराजभानसलगा! लघू आणि गुरू अशा दोनच प्रकारच्या अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे गण आठच होतात. पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रात हेच आठ गण आहेत. सूत्रातील कोणतेही अक्षर घ्या आणि पुढची दोन त्याला जोडा, की त्या अक्षराचा गण मिळतो. 'यमाता' म्हणजे लघू, गुरू, गुरू : हा य गण. 'ताराज' म्हणजे गुरू, गुरू, लघू : हा त गण. शेवटचे 'लगा' हे आरंभीच्या 'यमा'सारखेच लघू-गुरू असल्याने ते गाळून 'स' पुन्हा 'य'ला जोडला, की आठ मण्यांची माळ पुरी होते.

आता पुठ्ठ्याची आठ पाने करा. त्यांवर आपल्या जिल्ह्यातील नावे या क्रमाने लिहा : यशवंतगड, मालवण, तारकर्ली, रेडी, जामसंडे, भोगवे, नेरूर, सावंतवाडी. लघूसाठी काळी शाई आणि गुरूसाठी तांबडी वापरा. म्हणजे यशवंतगड, जामसंडे, नेरूर आणि सावंतवाडी ही काळी, बाकीची तांबडी होतील. पाने हवी तितकी कापू द्या, पण पिसू देऊ नका. वरची तीन पाने तिघांना ओळीने द्या. समजा, पहिले दोघे उभे राहिले आणि तिसरा बसून राहिला. गुरू, गुरू, लघू : हा त गण! तेव्हा पाने तारकर्ली, रेडी आणि जामसंडे हीच असली पाहिजेत.

केवळ पाठ केलेले सूत्र ओझे वाटते. त्यातील रचना उमगली, की तेच सूत्र खेळ होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रंगमंचावरील जादूगार आपल्याला फसवतो तो आपल्या आनंदासाठी. परंतु पुढे कोणी दैवी शक्तीने तुमचे मन जाणल्याचा दावा केला, तर हात जोडण्यापूर्वी स्वतःला विचारा : याने मला काय विचारले, आणि नकळत मी याला काय सांगून बसलो?