"मला कुठे काय होतंय?"

सबमिशनची आदली रात्र. डास फार, म्हणून मी कॉइल लावली. रूममेट म्हणाला, "विझव ना यार, त्रास होतो." मी म्हणालो, "मी पण याच खोलीत आहे, मला कुठे काय होतंय? नाटकं करू नकोस!" पहाटे तीनला तो कॉटवर उठून बसला होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज, बोलताही येईना. रेक्टर सरांनी गाडी काढली म्हणून वेळेवर दवाखाना गाठला.

मित्रहो, माझं ते वाक्य किती चुकीचं होतं हे मला नंतर वाचून कळलं.

आपल्या श्वासनलिकांभोवती स्नायू असतात. धूर, धूळ, थंड हवा यांनी ते आवळतात. कोणाचे किती लवकर आवळतात, हे चक्क मोजता येतं! डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाकोलिन नावाचं औषध श्वासावाटे देतात आणि द्रावणाची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवतात. जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटली की थांबायचं. निरोगी माणसात सहसा मिलिलिटरला १६ मिलिग्रॅमपर्यंतही एवढी घट होत नाही. ४ ते १६ म्हणजे सीमारेषा. दमा जोरात असलेल्याची १ मिलिग्रॅमच्या आतच होऊ शकते. म्हणजे एकाच खोलीत सोळापट फरक!

आता फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, १६ पट होतो. थोडंसं आवळणंही म्हणूनच महागात पडतं.

पण 'आम्ही निरोगी आणि ते आजारी' अशी पक्की भिंत इथे नाही. काही ठणठणीत माणसांचीही ही टेस्ट पॉझिटिव्ह येते. साध्या सर्दी-फ्लूनंतर कोणाच्याही नळ्या काही आठवडे चिडक्या राहू शकतात. सिगारेटमुळे होणाऱ्या सीओपीडीत तर नळ्या मुळातच अरुंद झालेल्या असतात. उलट दम्याचं इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घेतलं, तर हा चिडकेपणा कमी होतो. माझा रूममेट मात्र 'पोरं हसतील' म्हणून पंप बॅगेच्या तळाशी लपवून ठेवायचा. हसणाऱ्यांत मीही होतो.

आता आमच्या खोलीत कॉइल नाही, मच्छरदाणी आहे. पंप टेबलावर असतो. आणि कोणी "त्रास होतो" म्हणालं, तर मी स्वतःच्या छातीवरून त्याची छाती मोजत नाही.