हरवलेली युद्धविमाने : जीर्णोद्धार आणि जतन

जुन्या देवालयाचा जीर्णोद्धार करताना झिजलेला दगड काढून त्या जागी नवा बसविला, तर पूजेत खंड पडत नाही. परंतु त्या दगडावरील कोरीव लेख मात्र कायमचा नाहीसा होतो. दुसऱ्या महायुद्धात हरवलेली व पुढे हाती आलेली विमाने अभ्यासकास अशाच पेचात टाकतात. ती पुन्हा उड्डाणक्षम करावीत, की सापडली तशी राखावीत? याचा निर्णय ती कोठे पडून राहिली आणि तशी आणखी किती उरली आहेत, या दोन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असतो.

प्रथम बर्फातील उदाहरण घेता येईल. १५ जुलै १९४२ रोजी अमेरिकेहून ब्रिटनकडे निघालेली सहा पी-३८ लढाऊ विमाने व दोन बी-१७ बॉम्बफेकी विमाने खराब हवामानामुळे ग्रीनलंडच्या हिमपृष्ठावर उतरली. माणसे सुखरूप परतली; विमाने तेथेच राहिली. १९८८ साली त्यांचा शोध लागला, तेव्हा ती सुमारे ८० मीटर खोल गाडली गेली होती व बर्फाच्या संथ गतीबरोबर मूळ जागेपासून दीड किलोमीटरहून अधिक सरकली होती. उष्ण पाणी खेळविलेल्या तांब्याच्या नळ्यांनी बर्फात विहीर वितळवून, तळाशी गुहा करून, १९९२ मध्ये एक पी-३८ सुटे करून वर काढण्यात आले. अनेक भाग नव्याने घडवावे लागले. अखेर २६ ऑक्टोबर २००२ रोजी केंटकी राज्यातील मिडल्सबरो येथे ते पुन्हा आकाशात गेले.

समुद्रातील विमानाची स्थिती निराळी असते. विमानाच्या पत्र्यातील ॲल्युमिनियममध्ये तांबे मिसळलेले असते. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर धातूचे रक्षण करतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड तो थर ठिकठिकाणी भेदते, आणि तांबेयुक्त कणांच्या व पोलादी जोडांच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम विद्युत्-रासायनिक क्रियेने झिजू लागते. अवशेष बाहेर काढून वाळू दिल्यास, आत मुरलेल्या क्षारांमुळे व हवेतील प्राणवायूमुळे हे क्षरण बळावते. म्हणून २६ ऑगस्ट १९४० रोजी केंटच्या किनाऱ्याजवळ पडलेले जर्मन डॉर्निअर डीओ १७ हे विमान १० जून २०१३ रोजी वर काढल्यावर कॉसफर्ड येथे बंदिस्त बोगद्यांत ठेवून त्यावर सिट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारण्यात आले. त्यायोगे वरील सागरी कवच सुटते आणि क्षारही धुऊन निघतात. ते उडविण्याचा विचार करण्यात आला नाही, कारण या जातीचे बहुतांशी पूर्ण असे दुसरे विमान ज्ञात नाही.

गोड्या व थंड पाण्यातील अवशेष बरेच सुस्थितीत मिळतात. मिडवेच्या लढाईत दोनशेहून अधिक छिद्रे पडूनही परतलेले एक डाँटलेस विमान पुढे शिकाऊ वैमानिकांसाठी वापरात होते. जून १९४३ मध्ये ते मिशिगन सरोवरात बुडाले आणि १९९४ साली वर काढण्यात आले. अशा विमानाचा पत्रा सरसकट बदलला, तर त्याच्या लढाईचा पुरावाच जाईल.

यावरून काही नियम निघतात. एकाच जातीची अनेक विमाने उपलब्ध असल्यास त्यांपैकी एखादे उडविणे उचित ठरते; यंत्राचा आवाज, कंप व वागणूक यांचे ज्ञान स्थिर नमुन्यातून मिळत नाही. विमान एकमेव असल्यास मात्र जतनच श्रेयस्कर होय. कोणत्याही मार्गाने गेले तरी मूळ स्थितीची नोंद आधी करावी, नवा भाग ओळखता येईल असा ठेवावा आणि काढलेला भाग टाकू नये. जेथे माणसे विमानासह गेली, तेथे अवशेष ही समाधीही असते. ब्रिटनने १९८६ च्या कायद्याने अशा स्थळांना संरक्षण दिले आहे. उड्डाण पुन्हा साधता येते. पुसलेला पुरावा पुन्हा मिळत नाही.