शस्त्रक्रियेच्या वेळी लहान प्राण्यांची ऊब

कुत्रा, मांजर, ससा यांसारख्या लहान प्राण्यांवर शस्त्रक्रिया करताना भुलीच्या मात्रेइतकीच त्यांच्या अंगातील ऊब राखण्याची काळजी घेणे अगत्याचे असते. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. भूल दिल्यावर तापमान राखणारे मेंदूतील केंद्र मंदावते, अंगाची थरथर बंद होते आणि रक्तवाहिन्या सैलावून आतील उष्णता त्वचेवाटे निघून जाते. ही घट पहिल्या तासात सर्वाधिक असते. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग अधिक. म्हणून पिल्ले लवकर गारठतात. गारठलेल्या प्राण्यावरील भुलीचा अंमल लवकर उतरत नाही व जखमेतील रक्त गोठण्यासही विलंब लागतो.

यास्तव प्रारंभापासूनच टेबलावर कांबळे अंथरावे, पंजे कापसात गुंडाळावेत, केस आवश्यक तेवढेच काढावेत व स्पिरिटने अंग भिजवू नये. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच ठेवावी. कारण बेशुद्ध प्राणी चटका बसला तरी दूर सरकू शकत नाही. दर १५ मिनिटांनी तापमान पाहावे. प्राणी पूर्ण शुद्धीवर येऊन तापमान पूर्ववत होईपर्यंत ही दक्षता सोडू नये. घरी नेल्यावरही मालकाने त्यास उघड्या फरशीवर न ठेवता कोरड्या अंथरुणावर निजवावे.