परसातला वाटाणा : थंडी गाठली की निम्मे काम झाले

अहिल्यानगर जिल्ह्यात वाटाणा म्हटले की पारनेर आठवते. कान्हूर पठाराच्या बाजूला तो पावसाळ्यातच पेरतात, कारण उंचावरची हवा तेव्हाही गार असते आणि हलक्या जमिनीत पाणी साचत नाही. परसात वाटाणा लावताना हेच दोन धडे लक्षात ठेवावेत : त्याला गारवा हवा आणि मुळाशी पाणी तुंबलेले चालत नाही.

पेरणी कधी करावी?

सखल भागात, म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, नेवासे किंवा खुद्द अहिल्यानगर शहरात, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. १० ते २० अंश तापमानात वेल जोमाने वाढतो. पारा ३० च्या वर गेला की फुले गळतात आणि शेंगा पोचट राहतात. डिसेंबर-जानेवारीची थंडी फुलोऱ्याला मिळेल असा हिशोब करून पेरावे. संक्रांतीनंतर पेरलेला वाटाणा उन्हात सापडतो.

कोणते बी घ्यावे?

अर्केल ही लवकर येणारी जात आहे. तिच्या शेंगा साधारण ५५ ते ६० दिवसांत तोडायला येतात. बोनव्हिला उशिरा येते, पण तिचा दाणा गोड असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले प्रिया' ही जातही आपल्या भागासाठी चांगली आहे. किराण्यातला पांढरा वाटाणा उगवतो खरा, पण तो सुक्या दाण्याचा असतो, ओल्या शेंगेची गोडी त्याला येत नाही. दुकानातल्या बियाण्याला रंगीत औषध चोळलेले असेल, तर ते मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि खाऊही नये.

वाफा आणि पेरणी

काळी, चिकण माती असेल तर तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळून उंच गादीवाफा करावा. कुंडी किमान एक फूट खोल असावी आणि तिच्या तळाला भोके हवीत. माती वापशावर आली की ३ ते ४ सेंटीमीटर खोल बी टोकावे. दोन ओळींत एक फूट आणि दोन झाडांत चार बोटे अंतर ठेवावे. एका झाडाला शेंगा मोजक्याच लागतात, म्हणून घरच्या भाजीपुरती तरी ३०-४० झाडे लावावीत.

औषध न लावलेले बी असेल तर पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम त्याला चोळून सावलीत सुकवावे. पाकीट वाटाण्यासाठीचेच घ्यावे, भुईमुगाचे इथे उपयोगी पडत नाही. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देतात. त्यामुळे युरिया टाकू नये. तो टाकला तर पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात.

आधार आणि पाणी

वेल वीतभर झाला की ओळीत तुराट्या रोवाव्यात. त्यांच्या फांद्यांना ताणे आपोआप धरतात. पाणी बेताने, पण नेमाने द्यावे. फुले येण्याच्या आणि दाणे भरण्याच्या वेळी मात्र ताण पडू देऊ नये.

रोग आणि कीड

भुरी हा वाटाण्याचा मुख्य रोग. पानांवर पीठ शिंपडल्यासारखे दिसले की पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन सकाळी फवारावे. मावा आणि शेंगा पोखरणारी अळी यांसाठी निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवावा, सकाळी गाळून फवारावा.

तोडणी आणि त्यानंतर

शेंग भरलेली, हिरवीगार आणि चकचकीत असतानाच तोडावी. तोडल्यावर दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते, म्हणून शेंगा त्याच दिवशी शिजवाव्यात. बाजारातल्या शेंगेला ही चव क्वचितच असते. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिले की नवी फुले येत राहतात.

दोन-तीन निरोगी वेलांच्या शेंगा वाळू द्याव्यात. वाटाण्याच्या फुलात परागीभवन आतल्या आत होते, त्यामुळे सरळ वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरते. हंगाम संपल्यावर वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळे मातीतच कुजू द्या. त्या जागी पुढे लावलेल्या मेथी-पालकाला त्यांचे खत मिळेल.